नव्या हॉटेलात आईबरोबर

नुकत्याच सुरू झालेल्या एका हॉटेलात मी अलीकडे आईबरोबर राहून आले. हल्ली ज्याला ‘बुटीक’ किंवा ‘डिझाइन’ हॉटेल म्हणतात, त्या प्रकारचे ते हॉटेल होते. खोल्या मोजक्या, प्रत्येक मजल्याची रंगसंगती वेगळी, छत मुद्दाम उघडे ठेवून त्याखालचे पाइप काळ्या रंगात रंगवलेले आणि लॉबीत भिंतभर पुस्तके. त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरत होती आणि त्यांत काहीही खोटे नव्हते. जे दाखवले होते ते सारे तिथे होते. तरीही मुक्काम संपताना माझे जे मत झाले, ते छायाचित्रांवरून कधीच झाले नसते. हॉटेलात आपण खोली न्याहाळण्यात फार थोडा वेळ घालवतो. बाकीचा सगळा वेळ झोपण्यात, अंधारात चाचपडण्यात, आंघोळ करण्यात आणि बॅगेतले सामान काढण्या-ठेवण्यात जातो. नव्या धाटणीच्या हॉटेलांनी पाहुण्याच्या पहिल्या पाच मिनिटांचा जेवढा विचार केलेला असतो, तेवढा या उरलेल्या तासांचा केलेला नसतो, अशी माझी खात्री झाली आहे. तसे का होते, हे मला इथे सविस्तर लिहायचे आहे, कारण या हॉटेलात आवडण्यासारखेही पुष्कळ होते आणि जे खटकले ते बहुतेक सगळे दुरुस्त होण्याजोगे आहे.

आत शिरताच लक्षात आले की रिसेप्शनला काउंटरच नाही. एक लांबलचक लाकडी टेबल, त्यावर लॅपटॉप उघडून बसलेले काही लोक, कोपऱ्यांत मोठ्या पानांची झाडे आणि हातात टॅब्लेट घेऊन सामोरी येणारी एक तरुण मुलगी. तिने आम्हाला सोफ्यावर बसवले, शेजारी बसूनच ओळखपत्रे पाहिली आणि सही टॅब्लेटवर घेतली. काउंटरपलीकडून चालणारा व्यवहार आणि शेजारी बसून झालेले बोलणे यांत खरोखरच फरक पडतो. ही पद्धत मला मनापासून आवडली. मात्र तो सोफा इतका बुटका आणि खोल होता, की गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला त्यातून उठताना माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. हात टेकून उठता येईल अशी एकही खुर्ची त्या प्रशस्त लॉबीत नव्हती. “इथे बसले तर दर वेळी कुणाला तरी हाक मारावी लागेल,” असे आई म्हणाली आणि नंतर ती त्या सोफ्याकडे फिरकली नाही. मी खाली येईपर्यंत ती लिफ्टपाशी उभी राहत असे.

लॉबीला इतके महत्त्व देण्यामागे एक परंपरा आहे. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेल यांचे ब्लेक्स हे हॉटेल १९७८ मध्ये सुरू झाले आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी १९८४ मध्ये मॉर्गन्स उघडले. बुटीक हॉटेलांची सुरुवात सांगताना ही दोन नावे हमखास घेतली जातात. श्रेगर आणि रुबेल यांनी त्याआधी स्टुडिओ ५४ हा गाजलेला नाइट क्लब चालवला होता. मॉर्गन्सची अंतर्गत सजावट फ्रेंच डिझायनर आंद्रे पुटमन यांनी केली. साध्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवून त्यांनी तिथली स्नानगृहे सजवली आणि ती पुढे त्या हॉटेलची ओळखच ठरली. मोठ्या साखळी हॉटेलांतील एकसारख्या खोल्यांना कंटाळलेल्या प्रवाशांना हे सारे ताजे वाटले. मग १९९८ मध्ये डब्ल्यू, १९९९ मध्ये सिॲटलला एस आणि २००८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ सिटिझनएम अशी हॉटेले येत गेली आणि प्रत्येकाने काही ना काही भर घातली. सिटिझनएमने तर काउंटर काढून पाहुण्याला स्वतःच यंत्रावर चेक-इन करायला लावले आणि खोलीतले दिवे, पडदे व दूरचित्रवाणी एका टॅब्लेटवर आणून ठेवली.

नाइट क्लब चालवणाऱ्यांनी घडवलेल्या या प्रकारात प्रवेशाचा क्षण, प्रकाश, गर्दीची ऊब आणि संगीत यांची जाण उत्तम असावी, हे ओघानेच आले. क्लबमध्ये माणसे काही तास येतात आणि झोपायला घरी जातात. हॉटेलात मात्र तीच माणसे वर जाऊन झोपणार असतात. आमच्या हॉटेलात लॉबी आणि गच्ची यांवर जेवढी बुद्धी आणि हौस खर्च झाली होती, तेवढी खोलीतल्या रात्रीवर झालेली नव्हती आणि हे मला पहिल्याच रात्री कळले.

त्याची सुरुवात दिव्यांपासून झाली. दाराशेजारी काळ्या काचेची एक गुळगुळीत पट्टी होती, तिला हात लावला की त्यावर चित्रे उजळत आणि एकेका चित्राला एकेक ‘वातावरण’ नेमून दिलेले होते: स्वागत, विश्रांती, वाचन, रात्र. प्रत्येक वेळी चार-पाच दिवे एकदम लागत किंवा एकदम विझत. फक्त पलंगाजवळचा एकच दिवा हवा असेल तर त्यासाठी काय करावे, हे शोधायला मला बराच वेळ लागला आणि आईला तर ते शेवटपर्यंत जमले नाही. रात्री ती उठली तेव्हा अंधारात तिला ती पट्टी सापडेना, कारण गुळगुळीत भिंतीवरची गुळगुळीत काच हाताला वेगळी लागत नाही. बोटाला चुकून स्पर्श झाला तेव्हा ‘स्वागत’ सुरू झाले आणि खोलीतले सगळे दिवे लख्ख पेटले. त्यानंतर आम्ही स्नानगृहातला दिवा रात्रभर चालू ठेवून दार किंचित उघडे ठेवू लागलो.

इथे मला एल्सवर्थ स्टॅटलर यांची आठवण होते. त्यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहरात जे हॉटेल उघडले, त्यात प्रत्येक खोलीला स्वतःचे स्नानगृह होते, ज्याची त्या काळी मध्यम खर्चाच्या हॉटेलात कुणी अपेक्षाही करत नसे. दोन स्नानगृहे पाठीला पाठ लावून बांधायची आणि सगळे नळ एकाच उभ्या पोकळीतून न्यायचे, या युक्तीने त्यांनी तो खर्च आटोक्यात आणला. पण मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या त्यांच्या छोट्या सुधारणा. दिव्याचे बटण दार उघडताच हाताशी यावे, म्हणून ते आत लगेच भिंतीवर बसवलेले होते आणि कुलपाचे भोक दाराच्या मुठीच्या वर होते, म्हणजे ते मुठीखाली झाकले जात नसे. स्टॅटलर लहान वयातच हॉटेलात सामान वाहणारा मुलगा म्हणून कामाला लागले होते. थकलेला प्रवासी अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा राहून काय काय चाचपडतो, हे त्यांनी कंदील हातात धरून पाहिले असेल किंवा नसेल, पण त्या माणसाच्या शेजारी ते उभे राहिले होते, एवढे त्यांच्या निर्णयांतून दिसते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुटलेला हा प्रश्न आमच्या खोलीत काचेच्या पट्टीने पुन्हा निर्माण केला होता.

तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. बोलून दिवे लावण्याचीही सोय त्या खोलीत होती आणि ज्यांना हात वापरणे कठीण जाते त्यांना ती वरदानच आहे. मात्र यंत्राला काम देताना पाहुण्याची रात्र कशी जाईल याची आधी परीक्षा घ्यायला हवी. जपानमधील नागासाकी प्रांतात २०१५ मध्ये हेन ना हे रोबोंनी चालवलेले हॉटेल सुरू झाले, तेव्हा जगभर त्याचा बोलबाला झाला. तिथल्या खोल्यांत ‘चुरी’ नावाची बोलकी बाहुली ठेवलेली असे. एका पाहुण्याचे घोरणे म्हणजे आपल्याला केलेली विनंती आहे असे समजून ती त्याला रात्रीत अनेकदा उठवून पुन्हा सांगा म्हणत राहिली. यंत्रे कामे कमी करण्याऐवजी वाढवीत आहेत असे दिसून आल्यावर २०१९ पर्यंत त्या हॉटेलाने निम्म्याहून अधिक रोबो कामावरून काढले होते. त्यांनी आपली कल्पना तपासून पाहिली आणि मागे घेतली, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

दाराला किल्ली नव्हती. ते फोनने उघडत असे. आईच्या साध्या फोनवर ते ॲप चालत नसल्याने आम्ही प्लॅस्टिकचे कार्ड मागितले आणि ते लगेच मिळाले. एवढेच.

आता स्नानगृहाबद्दल, कारण तिथे मला सर्वांत जास्त त्रास झाला आणि राग आला तोही तिथेच. पलंग आणि स्नानगृह यांच्यामध्ये छतापर्यंत काचेची भिंत होती. काच खालच्या अर्ध्या भागात धूसर केलेली होती, वरची पारदर्शक होती आणि तिला पडदा नव्हता. आत उभे असलेल्या माणसाचे डोके-खांदे स्पष्ट दिसत आणि बाकीची आकृती सावलीसारखी. खोली मोठी वाटावी आणि स्नानगृहात दिवसाचा उजेड यावा, हा त्यामागचा हेतू मी समजू शकते. पण हॉटेलातली खोली केवळ जोडपीच घेतात असे गृहीत धरल्याशिवाय अशी भिंत कुणी उभारणार नाही. आई आणि मुलगी, वडील आणि मुलगा, दोन सहकारी, भाऊ आणि बहीण, आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती, असे किती तरी लोक एका खोलीत राहतात. माझी आई आयुष्यभर संकोचाने वागलेली बाई आहे. ती आंघोळीला गेली की मी खोलीबाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये उभी राहत असे आणि मी गेले की ती खिडकीकडे तोंड करून बसे. शौचाला जाताना तर तिने मला प्रत्येक वेळी खाली पाठवले.

आधुनिक हॉटेलाचा पहिला नमुना म्हणून बॉस्टनच्या ट्रेमाँट हाउसचे नाव घेतले जाते. आयझाया रॉजर्स या वास्तुविशारदाने आखलेले हे हॉटेल १८२९ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या खाणावळवजा सरायांत अनोळखी प्रवाशांना एकाच खोलीत, प्रसंगी एकाच बिछान्यावर झोपावे लागे. ट्रेमाँट हाउसने पाहुण्याला कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली दिली, तोंड धुण्यासाठी पाणी आणि साबण दिला. माणसाला परक्या ठिकाणी चार भिंतींचा एकांत मिळावा, हीच हॉटेलने दिलेली मूळ वस्तू होती. तिच्यातली एक भिंत काचेची करताना निदान एक पडदा लावावा, ही मागणी फार मोठी नाही.

त्याच स्नानगृहात कपडे अडकवायला खुंटी नव्हती. भिंतीचा सलग पृष्ठभाग तुटू नये म्हणून ती टाळली असावी. मग बदलायचे कपडे कमोडच्या झाकणावर ठेवायचे आणि ओला टॉवेल काचेवर टाकायचा. शॉवरच्या जागेला उंबरठा नव्हता, आणि आईच्या दृष्टीने ते फार चांगले होते, कारण तिला पाय उचलून आत जावे लागले नाही. परंतु उंबरठा काढला की फरशीला पुरेसा उतार द्यावा लागतो आणि तो दिलेला नसल्याने पाणी बेसिनखालून थेट दारापर्यंत येत असे. ओल्या गुळगुळीत फरशीवर धरायला आधाराचा दांडा नव्हता. हाऊसकीपिंगच्या बाईंना सांगितल्यावर त्यांनी रबरी चटई आणि एक बसायचे स्टूल आणून दिले. या दोन्ही वस्तू भांडारात होत्याच. मागितल्याशिवाय त्या खोलीत ठेवायच्या नाहीत, असा नियम असल्याचे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत गटाराचा उग्र वास येऊ लागला. नव्या कोऱ्या इमारतीत असा वास का यावा, हे मला समजेना. तक्रार केल्यावर एक वयस्कर प्लंबर आले. त्यांनी शॉवरकडे पाहिलेही नाही. ते सरळ बेसिनखालच्या कोपऱ्यातल्या छोट्या जाळीपाशी उकिडवे बसले, पेचकसाने जाळी उचकटली आणि आत टॉर्चचा उजेड टाकून मला पाहायला बोलावले. जाळीखालच्या खोलगट भागात, ज्याला ते नहाणी ट्रॅप म्हणत होते, पाण्याचा थेंबही नव्हता. तळाशी टाइल्स कापताना उडालेली पांढरी भुकटी आणि सिमेंटचा एक वाळलेला खपला तेवढा दिसत होता. त्या खोलगट भागात नेहमी थोडे पाणी साचून राहायला हवे, कारण तेच पाणी पाइपातली घाण हवा वर येऊ देत नाही. शॉवरचे पाणी दुसऱ्या जाळीतून जाते. या कोपऱ्यातल्या जाळीवर पाणी पडायचे ते फरशी धुताना किंवा सांडल्यावरच. इथे सांडलेले पाणी उताराअभावी दाराकडे वळत होते आणि जाळीपर्यंत पोहोचतच नव्हते. खोली आमच्या आधी बरेच दिवस रिकामी होती, एसीची कोरडी हवा खेळत होती आणि एक्झॉस्ट पंखा चालू केला की तो पाइपातली हवा आत ओढून घेत होता. प्लंबरनी भुकटी चिंधीने पुसून काढली, खपला बाहेर टाकला आणि मगभर पाणी ओतले. “ताई, रिकाम्या खोल्यांत आठवड्याला एक मग पाणी टाकायला सांगितलंय मी, पण नवीन मुलांच्या ध्यानात राहत नाही,” असे ते म्हणाले. थोड्याच वेळात वास गेला. ज्या कुणाला नव्या किंवा फार दिवस बंद असलेल्या खोलीत असा वास आला असेल, त्याने खोली बदलून मागण्याआधी प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओतून पाहावे.

नवेपणाचा दुसरा वास लाकडाचा आणि रंगाचा होता. अनेकांना तो आवडतो. मला त्याने डोके धरते. प्लायवूड आणि दाबून केलेल्या फळ्यांत जो गोंद वापरतात, त्यातून फॉर्माल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो आणि नव्या फर्निचरमधून तो सर्वाधिक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. थोड्या दिवसांच्या मुक्कामाने कुणी घाबरून जाण्याचे कारण नाही, पण डोळे चुरचुरणे आणि घसा खवखवणे हा त्रास प्रत्यक्ष होतो आणि त्यावर मोकळी हवा हा सर्वांत सोपा उपाय आहे. आमच्या खोलीची भलीमोठी खिडकी उघडतच नव्हती. कपाटाची दारे दिवसभर उघडी ठेवून आणि बाहेर जाताना एसीऐवजी एक्झॉस्ट चालू ठेवून आम्ही काम भागवले.

आवाजाचा त्रास मात्र कोणत्याही युक्तीने कमी होत नव्हता. गच्चीवर बार होता, त्यात रात्री उशिरापर्यंत संगीत चाले आणि आमची खोली बारच्या बरोबर खाली होती. गाण्याचे शब्द किंवा सूर ऐकू येत नसत. येई तो फक्त ठेका. उंच स्वर भिंतीत आणि छतात अडतात, पण खर्जातली कंपने काँक्रीटच्या स्लॅबमधून पसरत जातात आणि उशीवर डोके टेकले की ती कानांपेक्षा छातीत अधिक जाणवतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री शयनगृहातील सलग आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. साधे संभाषण साधारण ६० डेसिबलचे असते, आणि दर १० डेसिबलला आवाज आपल्या कानाला जवळपास दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे झोपेसाठी किती शांतता लागते याची कल्पना येते.

खोलीच्या आतही आवाजाला शोषून घेणारे काहीच नव्हते. जमीन गुळगुळीत सिमेंटची, छत उघड्या काँक्रीटचे, एक भिंत काचेची, दुसरी विटांची, पडदे पातळ. हे सारे दिसायला सुंदर असते आणि यातली प्रत्येक गोष्ट आवाज परतवते. जुन्या हॉटेलांच्या कॉरिडॉरमध्ये जाड गालिचा का असतो, हे मला या मुक्कामात नीट उमगले. आमच्या कॉरिडॉरमध्ये पहाटे चाकांच्या बॅगा जाऊ लागल्या की त्या आमच्या खोलीतूनच जात आहेत असे वाटे. दाराखाली बोटभर फट होती आणि तिच्यातून बाहेरचा उजेड आणि आवाज दोन्ही आत येत. दार लावले की आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी तिथे बसवता आली असती. शेजारच्या खोलीतले बोलणे पलंगाच्या डोक्याशीच अधिक ऐकू येई, तेव्हा मी प्लग काढून पाहिला आणि सॉकेटमधून आवाज स्पष्ट येतो आहे असे आढळले. दोन खोल्यांचे सॉकेट भिंतीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले की तेवढ्या जागेत भिंत पोकळ राहते आणि आवाजाला वाट मिळते. बांधकाम चालू असताना ते हातभर इकडे-तिकडे सरकवणे सोपे होते, पण आता भिंत फोडावी लागेल.

रात्रीच्या व्यवस्थापकांनी आम्हाला विनातक्रार खालच्या मजल्यावरची, इमारतीच्या मागच्या अंगाची खोली दिली आणि तिथे आम्ही खरोखर गाढ झोपलो. मग त्या हॉटेलातले चांगले तेही निवांतपणे पाहता आले. गादी उत्कृष्ट होती, न रुतणारी आणि न टोचणारी. चादर स्वच्छ सुती होती, उशा दोन प्रकारच्या होत्या. पलंगाच्या दोन्ही बाजूंना वाचनासाठी वळवता येणारे छोटे दिवे होते आणि त्यांचा झोत इतका नेमका पडत असे, की मी वाचत असताना आईच्या डोळ्यांवर प्रकाश जात नव्हता.

आरशावरच्या दिव्यांचाही मला विशेष उल्लेख करावासा वाटतो. बहुतेक हॉटेलांत तिथे डोक्यावरून पांढराफटक उजेड पडतो आणि माणूस आजारी दिसतो. इथे दोन्ही बाजूंनी उबदार, पिवळसर प्रकाश होता. सीझर रिट्झ यांनी पॅरिसमधले आपले हॉटेल १८९८ मध्ये उघडण्यापूर्वी दिव्यांच्या छटा निवडण्यासाठी पत्नी मारी यांना कित्येक तास समोर बसवून, तिच्या चेहऱ्यावर कोणता प्रकाश खुलतो ते पाहिले, असे सांगितले जाते. आमच्या हॉटेलात कुणीतरी तेवढ्याच आस्थेने आरशासमोर उभे राहून पाहिलेले होते, हे उघड होते. आई त्या आरशात केस विंचरताना म्हणाली, “किती दिवसांनी माझा चेहरा मला बरा दिसला.” हीच आस्था बटणाच्या पट्टीला आणि काचेच्या भिंतीला मिळायला हवी होती.

ती का मिळाली नाही, याचा मी बराच विचार केला. आर्किटेक्ट आणि डिझायनर आपले काम दिवसा, उजेडात, कपडे नीट घातलेल्या माणसांबरोबर तपासतात. उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असते, कंत्राटदाराची माणसे शेवटच्या दिवसापर्यंत रंग देत असतात आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी एक रात्र प्रत्यक्ष झोपून पाहावे, एवढा वेळ उरत नाही. चांगली हॉटेले उघडण्यापूर्वी आपल्याच कर्मचाऱ्यांना पाहुणे म्हणून खोल्यांत राहायला लावतात आणि त्यांच्याकडून उणिवांची यादी मागवतात. मला वाटते, त्या पाहणीत हॉटेलातल्या तरुण मुलामुलींबरोबर त्यांच्या आई-वडिलांनाही एक रात्र राहायला बोलवावे. बुटका सोफा, न सापडणारे बटण आणि उघडी काच या तिन्ही गोष्टी पहिल्याच रात्री समोर आल्या असत्या.

नव्या हॉटेलात जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. तिथला कर्मचारीवर्ग उत्साही असतो, गाद्या-टॉवेल कोरे असतात आणि सांगितलेले ऐकून घेतले जाते, कारण सवयी अजून घट्ट झालेल्या नसतात. मात्र खोली घेताना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. बार आणि लिफ्ट कुठे आहेत ते विचारावे आणि त्यांच्यापासून दूरची खोली मागावी. स्नानगृहाला दार आणि भिंत आहे का, हे विचारताना संकोच करू नये. आदल्या आठवड्यात कुणीतरी राहून गेलेली खोली मिळाली तर ती पसंत करावी, म्हणजे नळ, निचरा आणि एसी चालते-फिरते असतील. आणि काही बिघडलेले दिसले तर नुसते ‘सेवा वाईट’ असे न लिहिता, कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, नेमके काय झाले ते तिथल्या माणसाला समोर सांगावे.

निघताना मी हेच केले. व्यवस्थापकांनी वही काढून सारे लिहून घेतले, मधे एकदाही स्पष्टीकरण दिले नाही आणि आईला लॉबीतल्या सोफ्याबद्दल वेगळे विचारले. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. लॉबीत हातांच्या चार खुर्च्या ठेवल्या आहेत, प्रत्येक खोलीत पलंगाशेजारी एक साधे, दाबायचे बटण बसवण्याचे काम सुरू झाले आहे, दारांना खालून रबरी पट्ट्या लागतील आणि रिकाम्या खोल्यांतल्या जाळ्यांत पाणी ओतण्याची नोंद आता हाऊसकीपिंगच्या रोजच्या तक्त्यात आहे, असे त्यांनी सांगितले. गच्चीवरच्या बारचे स्पीकर स्लॅबपासून वेगळे करण्यासाठी रबरी बैठकी मागवल्या आहेत. काचेच्या भिंतीला पडदा लावण्यास डिझायनरची संमती अजून मिळालेली नाही, तेव्हा तो विषय मी त्यांना पुन्हा लेखी कळवला आहे.